खूण धरून की खूण सोडून?

माझे पूर्ण नाव वामन हरी राऊत. वय अठ्ठ्याहत्तर पूर्ण. राहणार उमरोळी. शिक्षण मॅट्रिक, त्यापुढचे सर्व पुस्तकांनी दिलेले आहे, आणि त्याबद्दल मला कोणापुढेही कमीपणा वाटत नाही.

चार मित्र बसलो की कोणीतरी म्हणतेच, "राऊत, तो ड्रमचा किस्सा होऊन जाऊ द्या!" पण एक सांगायला घ्यावा तर त्याला चिकटून दुसरा येतो, दुसऱ्याच्या मागून तिसरा. जुन्या कपाटातून एक कागद ओढावा आणि अख्खा गठ्ठा अंगावर यावा, तसे होते. आज गठ्ठाच सोडतो.

ऐंशीचे दशक सरत आले होते. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत सावेसाहेबांचा लेथचा कारखाना होता आणि त्याच्या माळ्यावर आमची संगणकाची कचेरी. खाली लोखंड कातले जाई, वर प्रोग्रॅम लिहिले जात. आसपासच्या रसायनांच्या कारखान्यांना ड्रमवर चिकटवायची लेबले लागत. ती छापणारा प्रोग्रॅम आम्ही बनवत असू. लेबलावर मालाचे नाव, बॅच नंबर आणि वजन.

माणसे चार. सावेसाहेब मालक, टूलरूममध्ये हातांनी काम करून वर आलेले. प्रभुदेसाई इंजिनियर, मुंबईचे, पदवीधर, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्के ठाऊक असलेले. सुनंदा तांडेल ही चिंचणीच्या कोळीवाड्यातली, पालघरला संगणकाचा कोर्स करून आलेली. चौथा मी. पूर्वी एका गिरणीत स्टोअर क्लार्क होतो. आमच्या लायब्ररीत, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या तयार फंक्शनांच्या, एकेक ठरलेले काम करणाऱ्या तुकड्यांच्या संग्रहात, प्रत्येक फंक्शन कसे वापरावे हे शुद्ध मराठीत एका वहीत लिहून ठेवणे हे माझे काम. वहीत लिहिले ते प्रमाण, असा कचेरीचा नियम होता.

सुनंदाविषयी एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. औषधांच्या एका कारखान्यातली पॅकिंगची कायम नोकरी सोडून ती आमच्याकडे सहा महिन्यांच्या बोलीवर आली होती. सावेसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "पोरी, सहा महिने बघतो. तुझ्या कामावर गिऱ्हाइकाची एक जरी तक्रार आली, तर मला तोंडानं 'जा' म्हणायला लावू नकोस." ती म्हणाली, "बरं साहेब." मागे जायला जागा नव्हती, तिची पॅकिंगची जागा दुसऱ्याच दिवशी भरली गेली होती.

आणि आमचे प्रोग्रॅम जिच्यात लिहिले जात त्या सी भाषेविषयीही एक गोष्ट. या भाषेत मजकूर किती लांब आहे हे यंत्राला ठाऊक नसते. एकेका घरात एकेक अक्षर ठेवलेले असते आणि शेवटच्या अक्षरानंतरच्या घरात एक न दिसणारी खूण असते: शून्य. ती भेटेपर्यंत यंत्र वाचत सुटते. खूण नसली तर शेजारचे जे असेल तेही वाचते! एवढे ध्यानात असले की पुढचे सगळे कळेल.

* * *

पहिली तक्रार आली ती एका रंगाच्या कारखान्यातून. तिथल्या केमिस्टचा फोन. अत्यंत नम्र आवाज.

"राऊतसाहेब, आमच्या ड्रमवर यूरियाथॅलीन असं छापून आलंय. हे कुठलं नवीन रसायन?"

मी माझ्याजवळचा शब्दकोश पाहिला. त्यात नव्हते.

शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. आधीची लेबले नॅफ्थॅलीनची होती. मग यूरियाची काढली. मजकुराची नक्कल करणारे फंक्शन प्रभुदेसाईंनी लिहिले होते. त्याला सांगायचे: कोठे ठेवायचे, कोठून घ्यायचे, किती अक्षरे. ते तेवढीच अक्षरे ठेवी. शेवटची खूण टाकणे त्याच्या कामात बसत नव्हते. यूरियाची इंग्रजीतली चार अक्षरे नॅफ्थॅलीनच्या पहिल्या चारांवर जाऊन बसली आणि मागचे शेपूट तसेच राहिले!

"खूण टाकायची जबाबदारी फंक्शनला बोलावणाऱ्याची, म्हणजे ते वापरणाऱ्याची," प्रभुदेसाई म्हणाले.

"इथं बोलावलं कोणी, सर?" सुनंदाने विचारले.

बोलावणारे तेच होते. तो भाग त्यांनीच लिहिला होता.

सायंकाळी केमिस्टचा पुन्हा फोन आला. "राऊतसाहेब, घाई नाही. पेटंट घेणार असाल तर आमचंही नाव घाला!"

दुसऱ्या दिवशी प्रभुदेसाईंनी फंक्शन बदलले. आता दिलेली अक्षरे ठेवून झाली की पुढच्या घरात खूण ते स्वतःच टाकू लागले.

* * *

दुसरा वाद दिशेचा. सी भाषेच्या मूळ फंक्शनांत आधी 'कोठे' आणि मग 'कोठून' असा क्रम असतो. मला तो पहिल्यापासून पटला नव्हता. मनुष्य आधी निघतो, मग पोहोचतो.

"राऊतकाका, जगभर असंच आहे," प्रभुदेसाई म्हणाले.

"जगाने पुनर्विचार करावा," मी म्हणालो.

सावेसाहेबांनी दोघांचेही मन राखले, आणि तीच चूक झाली. निम्मी फंक्शने प्रभुदेसाईंच्या क्रमाने झाली, निम्मी माझ्या. एके दुपारी प्रभुदेसाईंनी मालाच्या नावांची यादी सुरक्षित राहावी म्हणून तिची दुसरीकडे नक्कल काढली. फंक्शन माझ्या क्रमाचे होते, त्यांनी सांगितले आपल्या क्रमाने. रिकामी जागा अत्यंत काळजीपूर्वक यादीवर नकलली गेली. दोनशे नावे साफ!

दुसऱ्या दिवशी सुनंदाने पुठ्ठ्याची एक पाटी आणून संगणकावर लावली. एसटीच्या बसला असते तशी. एका बाजूला लिहिले होते 'बोईसर–चिंचणी', दुसऱ्या बाजूला 'चिंचणी–बोईसर'.

"हे काय?" प्रभुदेसाईंनी विचारले.

"सर, आमचा कंडक्टर गाडी सोडण्याआधी पाटी फिरवतो. तुमी बी फिरवत जा."

* * *

तिसरा किस्सा माझ्यावरचा आहे. तोही सांगणे हे माझे कर्तव्य.

एका कारखान्याला लेबलावर सूचनेची एक नवी ओळ हवी होती. त्यांचा ऑपरेटर उत्तर प्रदेशातला, रामदुलार नावाचा, मोठा आज्ञाधारक मनुष्य. मी फोनवरून मजकूर सांगायला घेतला. मजकूर पाठवताना त्याची लांबीही सांगावी आणि शेवटही सांगावा, म्हणजे संशय राहत नाही, असे माझे मत होते. म्हणून मी खणखणीत आवाजात म्हणालो, "अठरा अक्षरे. सावधानी से उठाएँ. समाप्त."

"जी साहब."

तिसऱ्या दिवशी सावेसाहेब त्या कारखान्यात गेले होते. परत आले ते एक लेबल घेऊनच. ते त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले. त्यावर रोमन लिपीत छापले होते: 'अठरा अक्षरे सावधानी से उठाएँ समाप्त'.

मी रामदुलारला फोन लावला. "अरे भाई, 'समाप्त' क्यों छापा?"

"आपने बोला था, साहब।"

"वो तो मैंने तुम्हारे लिए बोला था!"

तो म्हणाला, "साहब, तभी तो मैं सोच रहा था। माल कहाँ समाप्त हुआ, चालीस ड्रम तो अभी बाकी हैं!"

प्रभुदेसाई आठवडाभर चहा संपला की कप खाली ठेवून मोठ्याने म्हणत, "समाप्त!" सुनंदा हसू लपवायला प्रिंटरच्या मागे जाई. मी दोघांनाही क्षमा केली.

* * *

चौथ्या किश्शात प्रभुदेसाईंची पाळी होती.

त्यांच्या एका फंक्शनला मजकूर दिला की ते त्याची लांबी सांगे, आणि मजकूर सापडलाच नाही तर उत्तर देई 'उणे एक'. दुसरे फंक्शन ती लांबी घेऊन तेवढा मजकूर प्रिंटरकडे पाठवी. पण या दुसऱ्याला उणे म्हणजे काय हे ठाऊकच नव्हते. त्याच्या हिशेबात 'उणे एक' म्हणजे त्याला येणारी सर्वांत मोठी संख्या: पासष्ट हजार पाचशे पस्तीस!

एके दिवशी मालाचे नाव न भरताच लेबलाची आज्ञा दिली गेली. प्रिंटर सुरू झाला तो थांबेना. यंत्राच्या स्मृतीत जे काही पडले होते ते सगळे छापून निघू लागले. चिन्हे, आकडे, तुटके शब्द. लांबलचक कागद घडी घालीत जमिनीवर येत होता. खालून आवाज ऐकून सावेसाहेब वर आले. त्यांनी कागदाचे टोक उचलले आणि चष्मा लावून वाचू लागले.

मध्येच त्यांची मान स्थिर झाली.

त्या कचऱ्यात एक स्वच्छ, सलग इंग्रजी पत्र होते. मुंबईच्या कोणा कंपनीला. सकाळी त्याच यंत्रावर टाईप केलेले आणि स्मृतीत तसेच राहिलेले. 'मी सध्या एका लेथ कारखान्याच्या माळ्यावर माझी बुद्धी वाया घालवीत आहे…'

प्रभुदेसाईंचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. सुनंदाने प्रिंटरची वायर काढली. पण तोवर फार उशीर झाला होता.

सावेसाहेबांनी पत्र शेवटपर्यंत वाचले. घडीवर कागद फाडला. म्हणाले, "अर्ज चांगला आहे. खाली सही राहिली!" आणि खिशातले पेन काढून पुढे धरले.

प्रभुदेसाईंनी पेन घेतले नाही. अर्जही पाठवला नाही. पुढे काही दिवस ते जिना चढताना खालच्या लेथवाल्यांना आपण होऊन नमस्कार करीत.

* * *

आता शेवटचा. मित्र ज्याला ड्रमचा किस्सा म्हणतात तो हा.

सुनंदाच्या सहा महिन्यांना बारा दिवस उरले होते. सकाळी फोन आला. एका कारखान्याच्या फाटकावर भरलेला ट्रक अडवून ठेवला होता, कारण एकाही ड्रमच्या लेबलावर बॅच नंबर नव्हता. त्याची जागा कोरी. इतके महिने तोच प्रोग्रॅम बिनतक्रार चालला होता. तो लिहिला होता सुनंदाने.

प्रभुदेसाई आणि ती दोघे बसले आणि तासाभरात कारण सापडले. मालाच्या नावाला बारा घरे होती: अकरा अक्षरांची आणि एक खुणेचे. त्याला लागूनच बॅच नंबरची घरे, आणि ती आधी भरलेली. त्या दिवशीचा माल होता नायट्रोफिनॉल. इंग्रजीत मोजून अकरा अक्षरे. नक्कल करणाऱ्या फंक्शनला सुनंदाने लांबी दिली होती बारा, खूण धरून. फंक्शनने अकरा अक्षरे आणि तिची खूण ठेवली आणि मग पुढच्या घरात आपली स्वतःची खूण टाकली. ते तेरावे घर बॅच नंबरचे पहिले! तेथे शून्य पडले आणि यंत्राच्या दृष्टीने बॅच नंबर सुरू होण्याआधीच संपला. नाव आखूड असते तेव्हा ही जादा खूण रिकाम्या घरात पडे आणि कोणाला दिसत नसे.

लेबले दुरुस्त होऊन ट्रक दुपारी गेला. मग सावेसाहेब वर आले.

"बारा का दिलेस?" त्यांनी सुनंदाला विचारले.

"साहेब, वहीत 'मजकुराची लांबी' असं हाय. आमच्याकडं सुके बोंबील मोजतात तवा शंभराला एक बोंबील बाजूला ठेवतात, खूण म्हणून. ती खूण बी मोजातच धरतात. ती सोडली तर गिऱ्हाइकाला कमी जातं. मी तसंच धरलं."

"इथं मासळी बाजार नाही," प्रभुदेसाई म्हणाले.

"मासळी बाजारात मोजणी चुकत नाय, सर."

"लांबीत खूण धरत नाहीत. कोणतंही पुस्तक उघड!"

"मी पुस्तक नाय उघडलं. वही उघडली."

सावेसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी वही उघडून वाचले: "'तिसरे मूल्य: मजकुराची लांबी.'" एवढेच होते. एकही शब्द जास्त नसलेले ते वाक्य मला फार आवडत असे.

येथे एक गोष्ट नमूद करतो. त्या वेळी ती सुनंदाला आणि मला दोघांनाच ठाऊक होती, आणि ती तिने सांगितली नाही. नोकरीला लागली त्या महिन्यात ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली होती, "काका, लांबी म्हणजे खूण धरून की खूण सोडून?" मी वहीतून मान वर न करता उत्तर दिले होते, "लांबी म्हणजे लांबी. वाक्य पुरेसे स्पष्ट आहे." ती "बरं काका" म्हणून गेली होती.

सावेसाहेब खुर्चीवर बसले. "आमच्या टूलरूममध्ये असा तंटा झाला की आम्ही चिठ्ठ्या टाकायचो. तिघांनी ड्रॉइंग वाचायचं आणि एकमेकांना न दाखवता माप लिहायचं. मग खरा तुकडा मोजायचा. एक जण चुकला असेल तर तो माणूस चुकला. दोघं चुकले असतील तर ड्रॉइंग चुकलं." त्यांनी एक कागद फाडून तीन तुकडे केले. "ॲनिलीन. इंग्रजी अक्षरं सात. वही समोर ठेवा. नुसती वही वाचून तिसरं मूल्य किती लिहाल? तिघंही लिहा."

"काकांनी कशाला?" प्रभुदेसाई म्हणाले. "वही तर त्यांचीच आहे."

"वाचता येतं ना त्यांना? मग लिहू दे."

खाली जेवणाची सुटी झाली होती. लेथ बंद होते. सुनंदाने लगेच लिहिले आणि चिठ्ठी पालथी ठेवली. तिच्याजवळ पिशवी तयारच होती. डबा, छत्री आणि टेबलावरची तिची पाण्याची बाटली तिने सकाळीच आत भरलेली मला दिसली. प्रभुदेसाईंनी लिहिले. मी पेनाचे टोपण काढले. ते वाक्य मी लिहिले तेव्हा माझ्या मनात खूण सोडून, म्हणजे सातच होते. याविषयी मला त्या क्षणीही यत्किंचित शंका नव्हती. मी लिहिले आणि चिठ्ठी दिली.

सावेसाहेबांनी प्रभुदेसाईंना नावाला मोजून आठच घरे ठेवून यंत्रावर सात घालून दाखवायला सांगितले. बरोबर चालले. आठ घातले, शेजारचे घर बिघडले. म्हणजे खरा तुकडा सात.

त्यांनी चिठ्ठ्या उलटल्या. प्रभुदेसाई: सात. सुनंदा: आठ.

तिसरी चिठ्ठी त्यांनी जरा वेळ हातात धरली. मग टेबलावर ठेवली. माझे अक्षर कचेरीत सर्वांना ओळखू येत असे. आठ.

"काका!" प्रभुदेसाई उभेच राहिले. "वही तुमची, वाक्य तुमचं, आणि आठ?"

"आठ," मी म्हणालो.

"पुस्तकं कोळून प्यायलेला माणूस तुम्ही!"

"प्रभुदेसाई, बसा," सावेसाहेब म्हणाले. ते माझ्याकडे बघत होते. "दोघं चुकले. ड्रॉइंग चुकलं."

सुनंदा माझ्याकडे पाहत होती. मी पेनाला टोपण लावले.

त्यानंतर लायब्ररीतल्या प्रत्येक फंक्शनपुढे 'तिसरे मूल्य: खूण धरून एकूण घरे' असे लिहिले गेले आणि फंक्शने त्याप्रमाणे बदलली गेली. सुनंदा तांडेल बारा दिवसांनी कायम झाली. वही लिहिण्याचे काम माझ्याकडून काढून तिला देण्यात आले, आणि मी लेबलांचे कागद मोजून देऊ लागलो.